देस्पासितोवर नाचलो, पण ठेका कुणाचा?

लग्नसराई सुरू झाली की आमच्या तेरमध्ये एक गाणं अजूनही हमखास कानावर येतं. आधी झिंगाट होतं, मग एखादं खानदेशी, आणि मध्येच डीजेवाला पोरगा देस्पासितोचा तुकडा सोडतो. नवरदेवाच्या घोडीपुढं नाचणाऱ्यांपैकी एकालाही त्यातला शब्द कळत नाही, पण नाचणं काही थांबत नाही. यावर बरेच दिवस लिहायचं होतं. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

देस्पासितो म्हणजे 'हळूहळू'. भाषा स्पॅनिश. जानेवारी २०१७ मध्ये पोर्तो रिको बेटावरच्या लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी या दोघांनी ते आणलं. लिहिताना सोबत पनामाची एरिका एंडर होती, हे नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. एप्रिलमध्ये जस्टिन बीबरनं त्यात आपला आवाज मिसळला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते सलग १६ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते यूट्यूबवरचं सगळ्यात जास्त पाहिलेलं गाणं झालं, आणि २०२० च्या नोव्हेंबरात लहान लेकरांच्या 'बेबी शार्क'नं मागं टाकेपर्यंत तिथंच होतं. मलेशियात सरकारी रेडिओ-टीव्हीवर त्याला बंदी आली, कारण अर्थ चावट आहे हे तिथल्या लोकांच्या उशिरा ध्यानात आलं. (आमच्या वरातीत आजोबा-आजी टाळ्या वाजवतात त्यावर. कुणी अर्थ सांगू नका.) खुद्द बीबरला एका क्लबात ते म्हणताना शब्द आठवेनात, तर त्यानं खाण्याच्या पदार्थांची नावं घालून वेळ मारून नेली. म्हणजे आमची पोरं काही वेगळं करत नाहीत.

मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की ते गाणं आपल्या भाषेतच राहिलं. इंग्रजी पोराचा हात लागल्यावर अमेरिकेत वर चढलं हे खरं, पण धृपद स्पॅनिशच होतं. आपलं झिंगाट बघा. एप्रिल २०१६ ला सैराट आला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, म्हणजे आपल्या परंड्याच्या शेजारचे. अजय-अतुलनी त्या सिनेमाचं वाद्यवृंदाचं संगीत लॉस एंजलिसला जाऊन रेकॉर्ड केलं. मराठी न येणारी माणसंसुद्धा झिंगाटवर नाचली, हे आपण पाहिलंय. तरी सिनेमा बाहेर गेला तेव्हा २०१७ ला कन्नड झाला आणि २०१८ ला 'धडक'मध्ये झिंगाट हिंदी झालं. हिंदी झिंगाट ऐकून मला पाव्हण्याच्या घरी आपल्याच शेताचा भाव विचारल्यासारखं वाटलं होतं. असो.

खरी गोष्ट पुढं आहे. देस्पासितोचा व्हिडिओ जिथं काढला त्या वस्तीचं नाव ला पेर्ला. सान हुआन शहराच्या जुन्या तटबंदीच्या बाहेर, भिंत आणि समुद्र यांच्या मधल्या उतारावरची वस्ती. आत साहेबलोक. बाहेर कत्तलखाना, आणि तिथंच गुलामगिरीतून सुटलेल्या आणि नोकरचाकर माणसांची घरं. वाचल्यावर मी मोबाईल खाली ठेवला. गावकुसाबाहेर! आपल्याला हा शब्द कुणी समजावून सांगायची गरज नाही. गाणं गाजलं तसे त्या वस्तीत पर्यटक यायला लागले, जिथं आधी बाहेरची माणसं जायला बिचकत होती. त्याच सप्टेंबरात मारिया वादळानं अख्खं बेट झोडपलं ती गोष्ट निराळी.

आणि रेगेटॉन म्हणून जे जगभर वाजतं, त्याचा ठेका तरी पोर्तो रिकोचा आहे का? तर नाही. पनामाचा कालवा खोदायला जमैकासारख्या बेटांवरून काळे मजूर नेले होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी जमैकाचं रेगे स्पॅनिशमध्ये गायला सुरुवात केली. १९९० च्या सुमाराला जमैकाच्या शाब्बा रँक्सचं 'डेम बो' नावाचं गाणं आलं, त्याच्या ठेक्यालाच पुढं डेंबो म्हणायला लागले. तो ठेका न्यूयॉर्क, पनामा करत पोर्तो रिकोत पोचला. गरीब वस्त्यांतली पोरं कॅसेटी भरून वाटायची, तर १९९५ ला पोलिसांनी दुकानांवर छापे घालून त्या कॅसेटी उचलल्या. अश्लील म्हणून. बावीस वर्षांनी त्याच संगीतावर बेटाला अभिमान!

त्या ठेक्यामागं जमैकाचे दोन वादक होते, स्टीली आणि क्लेव्ही. त्यांनी १९८९ ला 'फिश मार्केट' नावाचा तुकडा केला. रेगेटॉनचा ठेका तिथून उचललाय, असं म्हणत २०२१ ला अमेरिकेतल्या कोर्टात दावा लागला. दावा वाढत वाढत १८०० च्या वर गाण्यांपर्यंत गेला. प्रतिवादींमध्ये फोन्सी आणि डॅडी यांकीही. स्टीली तर २००९ लाच वारले होते.

ठेक्यावर मालकी असावी का? मला तरी नाही वाटत. उद्या कुठल्या कंपनीनं हलगीचा ठेका आपल्या नावावर केला तर पोतराजाला पावती फाडावी लागेल. पण नाव? नाव तर घेता येतं की. त्याला कोर्ट लागत नाही.

हे आपण तेरच्या माणसांनी तरी समजून घ्यावं. दोन हजार वर्षांपूर्वी आपलं गाव 'तगर' म्हणून रोमच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि इथलं कापड गाड्यांतून भडोचला जातं. इटलीतल्या पाँपेईत १९३८ ला एक हस्तिदंती बाई सापडली, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेत गाडलेली. आपल्या लामतुरे संग्रहालयात तिच्यासारखीच हस्तिदंती बाहुली आहे. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलीय. ती पाँपेईची कुठं कोरली यावर विद्वानांचा वाद आहे, चालू द्या. पण कोरणारा कोण, हे दोन्हींपैकी एकीच्या बाबतीतही सांगता येत नाही. माल समुद्रापार गेला, करणाऱ्याचं नाव वेशीच्या आतसुद्धा राहिलं नाही.

आता हलगी. आमच्या ओळखीचे एक हलगीवाले आहेत, साठी ओलांडलेले. नाव त्यांच्या परवानगीनंच लिहीन, म्हणून आज नाही. त्यांना मी मोबाईलवर देस्पासितो ऐकवलं. आधी तोंड वाकडं केलं, मग गुडघ्यावर बोटं चालू झाली. म्हणाले, "तीन, तीन आन् दोन. ह्यात काय अवघड हाय? जरा वाकडा चालतोय एवढंच." आठ मात्रांचं गणित संगीताच्या पुस्तकात जसं मांडतात तसं त्यांनी मांडलं, आणि शाळा किती झाली विचाराल तर दुसरी.

हलगी आपल्याकडं कुणाच्या वाट्याला आली हे सगळ्यांना माहीत आहे. वरातीत पुढं वाजवायची आणि पंगत उठल्यावर मागं बसायचं. बाबासाहेबांचा विचार पोचला तशी कित्येक घरांनी गावकीची कामं टाकली, हलगी खुंटीला टांगली. बरोबरच केलं त्यांनी. म्हणून "जुनी हलगी परत आणा" असा गळा काढणाऱ्यांत मी नाही. पण ज्यांनी ती कला म्हणून धरून ठेवली, शेकोटीवर कातडं तापवून रात्र-रात्र वाजवली, त्यांना आपण काय दिलं? डीजेवाल्याला आगाऊ म्हणून जी रक्कम देतो, तेवढ्यात हलगीचा अख्खा ताफा येईल. त्यांच्याशी मात्र शंभर-दोनशेवरून घासाघीस. आणि मग तोच ठेका मशीनमध्ये भरून, भिंतीएवढ्या स्पीकरवर, खिडकीच्या काचा थरथरेपर्यंत.

सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. २०२४ पासून महिन्याला ५००० रुपये झालेत. अर्जासोबत कला सादर केल्याचे पुरावे लागतात: प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो असलं काही. आमच्या या काकांनी अर्जच केला नाही. चाळीस वर्षं वाजवलं, पण कागद एक नाही. लग्नपत्रिकेत आचाऱ्यापासून मंडपवाल्यापर्यंत "सौजन्य" छापतो आपण, हलगीवाल्याचं नाव कुणाच्या पत्रिकेत बघितलंय?

पुरावा आहे, पण तो आपल्या मोबाईलात आहे. तेर, ढोकी, येडशी, कुठल्याही वरातीचा, जयंतीचा, गोरोबाकाकांच्या यात्रेचा व्हिडिओ असेल आणि त्यात कुणी हलगी, संबळ, सनई वाजवत असेल, तर शोधा. आधी त्या माणसाला विचारा. तो हो म्हणाला तर नाव, गाव, साल लिहून मला पाठवा. गावातली दोन-चार पोरं मिळून आम्ही ते वर्षवार लावतोय, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचे अर्ज भरून द्यायचं ठरवलंय. फोटो धूसर असला तरी चालेल. चेहरा दिसत नसेल तर हातातली हलगी दिसू द्या, ओळखणारे ओळखतात.