मास्कचं मग बघू

चि. बाळू,



फोटो पाहिला. चार्जिंगचा नवा पंप चांगला दिसतो, बाबांसारखा दांडा मारत बसावं लागणार नाही. पण माझी नजर पंपावर ठरलीच नाही. तुझ्या मागे ड्रमाशी सूनबाई उभी आहे, बाह्या कोपरापर्यंत सारून तुराटीनं ढवळतेय. तिला पाचवा महिना लागला ना रे? आणि वर तू मला विचारतोस, ‘आत्या, नागपुरात चांगला मास्क कुठं मिळेल?’

मास्कचं मग बघू. आधी तिला त्या ड्रमापासून दूर कर. पंपातल्या पाण्यात विष पातळ झालेलं असतं, बाटलीत ते अस्सल असतं. सगळ्यात वाईट वेळ ती ओतायची आणि कालवायची, आणि आपल्याकडे ते काम बायकांचं. फवारणारा म्हणून नाव तुझं.

2017 साल तू विसरला नसशील, बारावीत होतास. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, नोझल वर धरून मारायचं आणि सगळं तोंडावर, छातीवर उतरायचं. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात रोजानं फवारायला गेलेले किती तरी. आणि मग चर्चा कशाची, तर त्यांनी हातमोजे घातले नव्हते, तोंड बांधलं नव्हतं याची. मला अजून संताप येतो. ऑक्टोबरच्या उन्हात, त्या कोंदट पऱ्हाटीत, रबरी कोट घालून दिवसभर पंप पाठीवर वागवून दाखवावा कुणी काउंटरमागून उठून!

तेव्हा वॉर्डात ड्युटीवर असताना आम्ही विचारायचो, काय फवारलं? उत्तर ठरलेलं: दुकानदारानं दिलं ते. दोन-दोन, तीन-तीन डबे एकत्र. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन देता येतं, पण प्रत्येक विषावर ते चालत नाही. बाटलीच आणलेली नसली तर डॉक्टरनं काय बघून ठरवायचं? तुझ्या मोबाइलमध्ये पंपाचे इतके फोटो आहेत, एक लेबलाचाही काढून ठेव. आणि कालवाकालव बंद. एक औषध दुसऱ्याचा जोर शरीरात वाढवतं, हे दुकानदार सांगणार नाही.

त्याच्यावर मी चिडते असं बाबा म्हणायचे. चिडतेच. उधारी त्याची, सल्लाही त्याचाच, मग तो ‘यंदा मारू नको’ कशाला म्हणेल? बाळू, माझं म्हणणं एवढंच की जे विष घरात आलंच नाही त्याला मास्क लागत नाही. लाल त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची बाटली उंबऱ्याच्या आत नको. पिवळ्याचीही शक्यतो नकोच. कामगंध सापळे लावलेस म्हणालास, पण मोजतोस का? एका सापळ्यात रोज आठ पतंग, तेही सलग तीन रात्री, असं झालं तर गुलाबी अळीसाठी फवारणीचा विचार करायचा. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला म्हणून आपला सुरू, हे काय मोजमाप? सुरुवातीच्या रसशोषक किडींना निंबोळी अर्क पुष्कळ होतो. पाच किलो निंबोळ्या कुटून शंभर लिटर पाण्याला. निंबोळ्या अंगणात सडतात नि तुम्ही बाटल्या आणता.

आणि फरदड! गेल्या साली दोन-चार क्विंटलसाठी फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवलीत. बाबांसमोर मी गप्प बसले. अळीला तुम्ही उन्हाळ्यापर्यंत जेवू घातलंत, आता तिच्यासाठी पंप घेतलात. डिसेंबरअखेर वावर मोकळं कर, यात मी ऐकणार नाही.

उरलेलं पाणी बांधावरच्या वांग्यांवर मारायची काकांची सवय तू तरी लावून घेऊ नको. भाजीवर मोनोक्रोटोफॉसला 2005 पासून बंदी आहे, आणि ती वांगी मी स्वतः तुमच्याकडे खाल्लीत. बाटली देवळीत ठेवणंही बंद. पिंकीचा हात आता तिथवर पोचतो. रिकाम्या डब्यात डिझेल आणतोस, त्याचं काय बोलू? भोक पाडून टाकत जा.

मारावंच लागलं तर सकाळी लवकर, वारा पाठीशी घेऊन, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. पंप गळत असेल तर आधी वॉशर बदल, कारण ओली पाठ मास्कनं कोरडी होत नाही. कालवताना कापडी मोजे चालणार नाहीत, ते भिजून विष धरून ठेवतात. रबरी घे. उपाशी जाऊ नको, वावरात विडी पेटवू नको. (सोडली म्हणाला होतास ना?) डोळ्यांपुढे अंधारी आली, लाळ सुटली, घाम थांबेना, तर कपडे काढून साबणानं अंग धुवायचं आणि लगेच दवाखाना. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही, तुझ्या आजीचं काहीही म्हणणं असो.

ते कपडे कोण धुतं? पिंकीच्या फ्रॉकांबरोबर एकाच बादलीत जातात का? तू सांगणार नाहीस. रविवारी दुपारी तू वावरात असशील तेव्हा मी सूनबाईला फोन लावते. फोन घरी ठेवून जा.

तुझी,
आत्या