तीन देशांचे सरोवर

सायकल हे आपल्याकडे कामाचे वाहन. दूध घालणारा गवळी, टपाल वाटणारा पोस्टमन, गिरणीत पाळीवर जाणारा कामगार, यांच्याशी तिचे नाते जुने आहे. माझी आई एका लहान गावातील शाळेत शिक्षिका होती. घरापासून शाळेपर्यंतचे चार किलोमीटर ती साडी नेसून, जुन्या लेडीज सायकलवर, सव्वीस वर्षे रोज जात आणि येत असे. त्या सायकलचा सहलीशी काही संबंध असू शकेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यामुळे, "आपण दोघी सायकलवरून एका सरोवराला प्रदक्षिणा घालू," असे मी म्हणाले तेव्हा तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "अगं, प्रदक्षिणा देवळाला घालतात," ती म्हणाली, "आणि सायकल असते ती शाळेला उशीर होऊ नये म्हणून!"

तरीही 2025 सालच्या जून महिन्यात आम्ही दोघी निघालो. त्या सहा दिवसांत जे पाहिले ते, वाचकहो, आपल्याला सांगावेसे वाटते; कारण ते पाहण्यासाठी फार बळ लागत नाही, फक्त सावकाश जाण्याची तयारी लागते.

या सरोवराला जर्मन भाषेत बोडेनझे म्हणतात. इंग्रजी नकाशांत ते कॉन्स्टन्सचे सरोवर या नावाने सापडेल. आल्प्स पर्वतात उगम पावलेली ऱ्हाईन नदी पूर्वेच्या बाजूने त्यात शिरते, पश्चिमेला कॉन्स्टन्स शहराच्या पुलाखालून धाकट्या, खालच्या सरोवरात उतरते आणि तेथून पुढे उत्तर समुद्राची वाट धरते. सरोवराची लांबी सुमारे 63 किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे 536 चौरस किलोमीटर आणि सर्वांत जास्त खोली 251 मीटर आहे. उत्तरेच्या काठावर जर्मनी, पूर्वेच्या टोकाला ऑस्ट्रिया आणि दक्षिणेला स्वित्झर्लंड. मौज अशी की वरच्या मोठ्या सरोवराच्या मधल्या विस्तीर्ण पाण्यावर या तीन देशांनी आजवर सर्वमान्य सीमा आखलेलीच नाही. मध्यावरून रेघ जाते असे स्विस मानतात. पाणी सर्वांच्या सामाईक मालकीचे आहे असे ऑस्ट्रियाचे म्हणणे. वाद मिटलेला नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेलेही नाही.

सरोवराभोवती सायकलींसाठी आखलेली वाट आहे. खालच्या सरोवरासह ती सुमारे 260 किलोमीटर भरते. वाटेवर जागोजागी खुणेच्या पाट्या आहेत, चढउतार बेताचे आहेत आणि बऱ्याच भागात मोटारींपासून वेगळा रस्ता आहे. आम्ही फक्त वरच्या सरोवराची वाट धरली. वायव्येकडील एका गावात सायकली भाड्याने घेतल्या. विजेची मदत असलेली सायकल दुकानदाराने आईपुढे केली. "ती सायकल नव्हे," असे सांगून तिने ती परत केली. मग त्याने नकाशावर बोट फिरवून सल्ला दिला की सरोवर उजव्या हाताला ठेवून जावे. तिकडे रहदारी उजवीकडून चालते, म्हणून त्या दिशेने जाणाऱ्याला पाण्याची बाजू मिळते. मी हे आईला समजावून सांगितले तेव्हा तिचा चेहरा उजळला. उजव्या हाताला ठेवून जायचे म्हणजे प्रदक्षिणाच की! त्यानंतर तिची तक्रार उरली नाही.

पहिले मोठे ठिकाण सिप्लिंगेन. दिसायला साधे खेडे; एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पाणी. परंतु येथेच सरोवराच्या पृष्ठभागापासून सुमारे 60 मीटर खोलीवरून पाणी उचलले जाते आणि शुद्ध करून नळांवाटे दूरवर, स्टुटगार्टच्याही पलीकडे पोचवले जाते. सुमारे चाळीस लाख लोक ते पितात. त्यासाठी गावे आणि शहरे यांनी मिळून 1954 साली एक संस्था स्थापन केली.

हे वाचून आपल्याला वाटेल की येथील पाणी पूर्वीपासूनच निर्मळ असणार. तसे नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काठची गावे वाढली, सांडपाणी वाढले, आणि त्यातून येणाऱ्या फॉस्फरसमुळे पाण्यात शेवाळ माजू लागले. शेवाळ मरून तळाशी कुजले की खोल पाण्यातील प्राणवायू संपतो. रेघ नसलेल्या पाण्यात घाण कोणाची, हे विचारण्यात अर्थ नव्हता. 1959 साली काठच्या राज्यांनी सरोवराच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला. गावोगावी सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभारली गेली. 1980 च्या सुमारास एका लिटर पाण्यात फॉस्फरस ऐंशी मायक्रोग्रॅमच्याही वर गेला होता. पुढे तो दहाच्या खाली आला. याला एका पिढीहून अधिक काळ लागला. या कामाचे चित्र काढता येत नाही की त्याचा उत्सव होत नाही. पण काठावर उभे राहून तळाचे गोटे मोजता येतात, ते त्या कामामुळे.

सर्वच गोड झाले असेही नाही. पाणी निवळले तसे माशांचे अन्न कमी झाले, आणि बाहेरून आलेले शिंपले व मासे यांनी त्यात भर घातली. फेल्खेन नावाचा येथील आवडता मासा इतका घटला की 2024 पासून वरच्या सरोवरात त्याच्या मासेमारीवर तीन वर्षांची बंदी घालावी लागली. काठची पिढीजात कोळी कुटुंबे त्यामुळे अडचणीत आली. निसर्गाची घडी एकदा विस्कटली की ती पूर्वीसारखी बसवणे किती कठीण, हे येथे समजते.

पुढे उंटरउल्डिंगेन येथे पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी केलेली घरे दिसतात. अश्मयुगात आणि कांस्ययुगात या काठावर माणसे कशी राहत असावीत, हे दाखवण्यासाठी उत्खननांच्या आधारे बांधलेल्या या प्रतिकृती आहेत. आल्प्सच्या परिसरातील अशा वसाहतींच्या अवशेषांना 2011 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यानंतर मेर्सबुर्गचा जुना किल्ला आणि उतारांवर पसरलेले द्राक्षांचे मळे मागे टाकून आपण हाग्नाउ या गावी पोचतो. या गावाची एक हकीकत आहे, ती पुढे योग्य जागी सांगेन.

फ्रीडरिशहाफेन येथे 2 जुलै 1900 रोजी काउंट झेपेलिन यांच्या पहिल्या विमाननौकेने या पाण्यावरून उड्डाण केले. लिंडाउ हे बेटावरचे शहर. त्याच्या बंदराच्या तोंडाशी एका बाजूस दीपगृह आणि दुसऱ्या बाजूस दगडी सिंह आहे. आई त्या सिंहाजवळ बराच वेळ बसली. सव्वीस वर्षांत सायकल वाटेत थांबवून आपण काहीच पाहिले नाही, असे ती सहज म्हणाली. शाळेच्या वाटेवर नदी होती, वडांची रांग होती. पण घंटा आठची असे.

लिंडाउहून थोड्याच वेळात आपण ऑस्ट्रियात येतो. ब्रेगेन्झ शहराच्या पाठीशी 1064 मीटर उंचीचा फेंडर डोंगर आहे, आणि समोर पाण्यावर नाट्यमंच. 1946 साली येथे दोन पडावांवर पहिला प्रयोग झाला. त्यातून मोठा वार्षिक महोत्सव उभा राहिला.

ब्रेगेन्झच्या पुढे ऱ्हाईनचे मुख लागते. ही नदी डोंगरातून दरवर्षी गाळाचे ढीग आणते आणि पूर्वी खोऱ्यातील गावांना वारंवार पुरात बुडवीत असे. 1892 साली ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी करार केला, आणि 1900 साली नदीला नवा, सरळ मार्ग खोदून दिला. तिचे बांध आता सरोवरात दूरवर नेले आहेत, म्हणजे गाळ काठाशी न साचता खोल पाण्यात जातो. मागे राहिलेल्या जुन्या पात्राला जुनी ऱ्हाईन म्हणतात. तीवरच्या लहानशा पुलावरून आम्ही स्वित्झर्लंडमध्ये शिरलो. कोणी अडवले नाही. तथापि अधूनमधून तपासणी होते, म्हणून पारपत्र जवळ असावे. तिन्ही देशांना शेंगेनचा एकच व्हिसा चालतो. नाणे मात्र बदलते. इकडे युरो, तिकडे फ्रँक.

दक्षिणेच्या काठावर पश्चिमेचा वारा समोरून आला. आईने दोन तास दम धरला. मग त्या विजेच्या सायकलची आठवण काढली, आणि रोर्शाख येथे निमूटपणे स्टेशनात शिरली. सरोवराच्या काठाने रेल्वे धावते, आणि वेगळे तिकीट काढले की सायकलही डब्यात घेतात. वाचकहो, थकल्यावर गाडीत बसण्यात कमीपणा मुळीच नाही. ही शर्यत नव्हे.

या भागाला थुर्गाउ म्हणतात. जिकडेतिकडे सफरचंदांच्या आणि नासपतींच्या बागा. फळांच्या रसापासून केलेल्या पेयाला तेथे मोस्ट म्हणतात, आणि 'ओस्टइंडियन', म्हणजे पूर्वेकडील हिंदुस्थान, या शब्दावर कोटी करून स्विस लोक थुर्गाउला गमतीने 'मोस्टइंडियन' म्हणतात. आम्ही खऱ्या हिंदुस्थानातून आलो असे सांगितल्यावर एका बागवान बाईंनी हसत हसत आईच्या पिशवीत मूठभर चेरी ओतल्या आणि पैसे घेतले नाहीत.

आता ती हाग्नाउची हकीकत. क्वचित, शतकातून एखाद्या वेळी, कडाक्याच्या थंडीत हे सबंध सरोवर गोठते. तेव्हा उत्तर काठावरचे जर्मन हाग्नाउ आणि समोरचे स्विस म्युन्स्टरलिंगेन या गावांचे लोक बर्फावरून मिरवणूक काढून संत जॉनची लाकडी मूर्ती एका काठावरून दुसऱ्या काठावर नेतात. 1830 साली ती हाग्नाउला गेली. त्यानंतर एकशे तेहतीस वर्षे सरोवर पुरते गोठले नाही. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, आणि मूर्ती जर्मनीतच राहिली. 1963 च्या फेब्रुवारीत सरोवर गोठले, तेव्हा लोकांनी ती चालत म्युन्स्टरलिंगेनला आणली. ती अद्याप तेथेच आहे. सरोवर पुन्हा सबंध गोठलेले नाही.

म्युन्स्टरलिंगेनच्या शांत चर्चमध्ये आम्ही ती पाहिली. हिवाळे सौम्य होत चालले आहेत, पाण्याची उष्णता वाढत आहे. मूर्तीला परत जाण्याचा योग केव्हा येईल कोण जाणे. "नावेतून का नेत नाहीत?" असे मी सहज म्हणाले. आई म्हणाली, "नेता येईल गं. पण मग ती वाट पाहणे संपेल." वर्गात फळ्यावर उत्तर लिहावे इतक्या साधेपणाने ती हे बोलली.

शेवटच्या दिवशी क्रॉयझलिंगेनहून कॉन्स्टन्सला आलो. एक शहर स्विस, दुसरे जर्मन. घरे मात्र एकमेकांना लागून. पाण्यावर रेघ नसली तरी येथे जमिनीवर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या दोन शहरांमध्ये तारेचे कुंपण उभे राहिले. काठाजवळचे ते कुंपण 2006 साली काढले आणि सीमेवर उंच पोलादी शिल्पे उभारली. पण 2020 च्या वसंतात महामारीमुळे कुंपण परत आले. आईबाप आणि मुले, वाग्दत्त वधूवर, जाळीच्या दोन बाजूंना बसून बोलू लागले. मग स्पर्श टळावा म्हणून काही अंतरावर दुसरेही कुंपण घातले. जूनच्या मध्यास ती वाट पुन्हा खुली झाली. आज तेथे हिरवळ आहे. आई सायकलवरून उतरली आणि ती रेघ चालत ओलांडून गेली.

कॉन्स्टन्सच्या जुन्या ऱ्हाईन पुलापाशी नदीच्या अंतराचा शून्य किलोमीटर मानतात. तेथून सव्वाचारशे किलोमीटर खाली मानहाइम शहर आहे. त्याच शहरातून 12 जून 1817 रोजी कार्ल ड्राइस याने आपली दोनचाकी लाकडी गाडी पायांनी जमीन रेटीत चालवली. सायकलची ती आजी. आम्ही पुलावर उभ्या होतो तो दिवसही जूनचाच होता.

आपल्यापैकी सर्वांनाच इतक्या दूर जाता येणार नाही. परंतु आपल्या गावाजवळून एखादी नदी वाहत असेल, एखादा तलाव असेल, आणि ओसरीवर एखादी सायकलही असेल. एका रविवारी, कोणतेही काम न काढता, पाण्याच्या कडेने जाऊन यावे. पाणी कोठून येते, त्यात कोण काय सोडते, ते पुढे कोणाच्या घागरीत जाते, हे मोटारीच्या काचेतून दिसत नाही. आम्ही परतल्यावर आईने माळ्यावरची जुनी सायकल खाली काढून तिची साखळी तेलाने पुसली. शाळेच्या वाटेवरची ती नदी तिला आता नीट पाहायची आहे.