डोळ्यांची नोकरी

1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि सचिवालयाच्या फायलींमागोमाग कितीतरी मराठी बिऱ्हाडंही गेली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचे वडील मात्र मध्य प्रदेशाच्या वाट्याला आले. ते आरोग्य खात्यात लॅब टेक्निशियन होते. नागपुरात हत्तीरोगाच्या स्लाइडींवर त्यांचा हात आणि डोळा तयार झाला होता; भोपाळला त्यांच्यासमोर मलेरियाच्या स्लाइडी आल्या. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमधून सायकलवर जायचं, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं आणि संध्याकाळी न्यू मार्केटमधून भाजी घेऊन यायचं, असा त्यांचा दिनक्रम.

गंमत अशी की आईची धाकटी बहीणही याच कामाचे पैसे घेत असे. मावशी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्कॅनर होती. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या यॉट क्लबात होती, पुढे 1962 मध्ये कुलाब्याला समुद्राकाठच्या नव्या इमारतीत गेली. वडील माणसाच्या रक्तात शिरलेलं शोधत, मावशी आकाशातून पडलेलं. दोघांच्या टेबलावर सीडरवुड तेलाची बाटली असे. भिंग आणि काच यांच्यामध्ये या तेलाचा थेंब सोडल्याशिवाय सर्वांत शक्तिमान भिंगातून नीट दिसत नाही. त्या तेलाचा वास मावशीच्या पदराला आणि वडिलांच्या रुमालाला सारखाच येत असे.

मावशीचं काम शेजारपाजाऱ्यांना समजावून सांगणं हा आईपुढचा कायमचा पेच होता. ‘बहीण काय करते?’ म्हटलं की ‘फोटो बघते’ एवढंच ती सांगे, आणि ते फार चुकीचंही नव्हतं. अवकाशातून येणारे वैश्विक किरण, म्हणजे बहुतांशी प्रोटॉन आणि काही जड अणुकेंद्रकं, वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आदळून फुटतात. आपल्यापर्यंत पोहोचतो तो त्यांचा चुरा. तळहात आडवा धरला तर त्यातून सेकंदाला साधारण एक म्युऑन नावाचा कण आरपार जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. मूळ पाहुणा गाठायचा तर त्याला वरच, हवा विरळ असते तिथे गाठावं लागतं. हे किरण वरूनच येतात हे व्हिक्टर हेसला 1912 मध्ये फुग्यात बसून पाच किलोमीटरवर गेल्यावर कळलं. आपल्याकडे देबेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दार्जिलिंगजवळच्या संदकफूसारख्या उंच जागी फोटोच्या प्लेटा ठेवून कणांच्या रेषा टिपल्या. युद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळेनाशा झाल्या आणि ते काम तिथेच अडलं. पुढे ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेलला याच पद्धतीने पायॉन हा कण सापडला आणि 1950 चं नोबेल मिळालं. बिभा चौधुरी 1949 मध्ये होमी भाभांच्या याच टाटा संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक म्हणून. मावशीच्या बोलण्यात त्यांचं नाव आदराने येई.

भाभांच्या संस्थेने पॉलिथिनचे फुगे स्वतः तयार करायचं तंत्र बसवलं. 1961 पासून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून फुगे उडू लागले आणि दशक संपता संपता तिथे कायमचं केंद्र झालं. हैदराबाद भू-चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने पृथ्वीचं चुंबकत्व कमी ऊर्जेच्या कणांना बाहेरच अडवतं; आत येतात ते दांडगेच. फुगा तीसेक किलोमीटरवर गेला की हवेचा फक्त एक टक्का वर उरतो. तिथे तासन्‌तास तरंगल्यावर खाली टांगलेली प्लेटांची पेटी सोडायची, छत्रीने ती कुठेतरी उतरायची. कुठेतरी म्हणजे पुष्कळदा सोलापूर, लातूर, नांदेडच्या शेतात. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येई: अशी पेटी सापडली तर घाबरू नका, उघडू नका, पोलीस ठाण्यात कळवा, बक्षीस मिळेल. ही सूचना अजूनही निघते. शेतकऱ्याने बांधावर बसून राखलेल्या पेटीतल्या प्लेटा मावशीच्या टेबलावर पोहोचत.

प्लेट म्हणजे काचेवरचा नेहमीचा फोटो नव्हे. त्यावर चांदीच्या संयुगांचा जाड थर, म्हणजे इमल्शन, असे, अर्धा-पाऊण मिलिमीटरचा. कण त्यातून गेला की वाटेतले संयुगाचे दाणे काळे पडतात. धुतल्यावर ठिपक्याठिपक्यांची ओळ दिसते. मावशी एका हाताने प्लेट सरकवी आणि दुसऱ्या हाताने फोकस खालीवर करी, कारण ओळ थरात तिरकी उतरलेली असते. फोकस हलवला नाही तर अर्ध्यावरच हरवते. ठिपके विरळ की दाट, ओळ सरळ की शेवटाकडे डगमगती, यावरून कण हलका की जड, वेगात की दमलेला, हे कळे. एका बिंदूतून चहूकडे ओळी फुटलेल्या दिसल्या तर तो ‘स्टार’: कुण्या अणुकेंद्रकाच्या ठिकऱ्या. धन विद्युतभाराचा पायॉन थांबतो तिथून एक म्युऑन निघतो आणि या थरात दर वेळी सुमारे 600 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर जाऊन थांबतो. मावशी ते अंतर न मोजता ओळखी.

आणि हत्तीरोगाच्या जंताचं पिल्लू, रात्रीच रक्तात भेटणारं मायक्रोफायलेरिया, पाव मिलिमीटरहून जरा मोठं असतं. दोघांची शिकार साधारण एका मापाची. मलेरियाचा जंतू त्याहून फार लहान. सात मायक्रॉनच्या तांबड्या पेशीत तो बसतो. म्हणून वडील भोपाळला आल्यावर म्हणत, नागपूरला साप शोधायचो, इथे सापाची अंडी शोधतो.

दिवाळीला मावशी भोपाळला आली की दोघांची जुंपे. वडील म्हणत, “तुझ्या प्लेटवर शेवटी असतं काय? येऊन गेलेल्याची पाऊलवाट. माझं पात्र नागपूरला स्लाइडवर वळवळताना दिसायचं.”

“दिसेल ना भाऊजी,” मावशी म्हणे, “पण तुमचं पात्र उद्या रात्री पुन्हा भेटेल. माझं एकदाच येतं. तेव्हा डोळा मिटला तर गेलं.”

वडील त्यावर चकलीचा तुकडा मोडत.

वडिलांच्या कामात चमत्कार कमी आणि ओझं जास्त. त्या काळी मलेरिया खात्याचा कार्यकर्ता दर पंधरवड्याला घरोघरी जाई. ताप कुणाला, विचारी. भिंतीवर तारीख टाकी. तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घेई आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या हातावर ठेवून पुढे जाई. त्या काचा गठ्ठ्यांनी लॅबमध्ये येत. जाड थेंब आपल्याकडच्याच जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांच्या नावाच्या रंगात बुडवायचा, धुवायचा, वाळवायचा, तेल टाकायचं आणि निदान शंभर फील्ड, म्हणजे भिंगाखाली एका वेळी दिसणारे तुकडे, बघायची. जांभळा ठिपका, निळा वेढा. जंतू पीव्ही (व्हायव्हॅक्स) की पीएफ (फाल्सिपेरम), तेवढं रजिस्टरात. बाकी सगळं निगेटिव्ह. मध्येच एखादी स्लाइड ते पुन्हा पुन्हा बघत, शेजारच्याला बोलावत. हे भलतंच काहीतरी आहे, असं वाटलं की त्यांचा चेहरा खुले.

आठवणीत रमताना मी हेही लिहायला हवं की ही व्यवस्था मंद होती. मंडला-झाबुआसारख्या भागातून काच निघायची, तपासली जायची आणि निकाल परत पोहोचेपर्यंत रोगी बरा झालेला असायचा, नाहीतर गाव सोडून मजुरीला गेलेला असायचा. 1953 ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो असा अंदाज होता. 1965 पर्यंत आकडा लाखावर आला. वडिलांच्या खात्यात पेढे वाटायचंच बाकी होतं. 1976 मध्ये तो 64 लाखांवर गेला. डासांनी डीडीटी पचवलं, देखरेख सैल पडली. त्या वर्षांत वडिलांच्या टेबलावर स्लाइडींचे गठ्ठे असे चढले की रविवारही गेला. डोळ्यांना पाणी येई, ते थंड पाण्याची घडी ठेवून पडत.

सगळ्याच परजीवींना मायक्रोस्कोप लागत नाही, हेही खरं. नारू उघड्या डोळ्यांनी दिसे: पायावर फोड, त्यातून पांढरा दोरा, हातभर नव्हे तर कधी त्याहूनही लांब. काडीवर गुंडाळत गुंडाळत तो कित्येक दिवसांत काढावा लागे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यं नारूची. तो गेला तो कापडातून गाळलेल्या पाण्याने, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्याने आणि हातपंपाने. त्या हातपंपाचं कूळ आपल्याकडचं. जालना आणि सोलापूर इथल्या पंपांतून ‘इंडिया मार्क टू’ घडला. देशातला शेवटचा रोगी 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. यात कुणालाही भिंगाला डोळा लावावा लागला नाही. वडील म्हणत, असे रोग आम्हाला बेरोजगार करतात आणि त्याचं काही वाईट वाटत नाही.

आता मध्य प्रदेशातल्या पाड्यावर आशाताईच्या पिशवीत मलेरियाची किट असते. बोटाचा थेंब, द्रावणाचे थेंब, वीसेक मिनिटं थांबायचं, रेघ दिसली की गोळ्या सुरू. हे शंभर पटींनी चांगलं आहे. ज्याच्या मुलाला मध्यरात्री थंडी वाजून ताप भरतो, त्याला शंभर फील्डांच्या सौंदर्याशी देणंघेणं नाही.

एक गोष्ट मात्र त्या पट्टीला जमत नाही. तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर येतं. पीएफ ओळखणाऱ्या बहुतेक पट्ट्या त्या जंतूच्या एका ठराविक प्रथिनावर चालतात. काही जंतूंनी ते प्रथिन बनवणारं जनुकच टाकून दिलं आहे. त्यांच्यासमोर पट्टी गप्प बसते. काचेवर ते दिसतात. स्लाइड बघणाऱ्याला मलेरिया शोधताना भलतंच काही सापडू शकतं. मावशीच्या क्षेत्राची तर सगळी मिरास या भलत्यावर उभी होती. प्लेटा जड केंद्रकांसाठी वर पाठवलेल्या असत आणि त्यात कधी नवेच कण हाती लागत. ब्रिस्टलला पायॉनमधून म्युऑन निघताना पहिल्यांदा दिसला तोही स्कॅनिंग करणाऱ्या एका बाईलाच, मारिएटा कुर्झ यांना. शोधनिबंधावर नावं शास्त्रज्ञांची आणि स्कॅनर मंडळी शेवटच्या आभारात, हा तेव्हाचा रिवाज. मावशीने तशा आभाराच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवलेली मी पाहिली आहे.

वैश्विक किरणांचं आजचं काम उटीला बघावं. 2200 मीटरवर टाटा संस्थेचा ‘ग्रेप्स-3’ हा मोठा प्रयोग चालतो. शेकडो शोधक जमिनीवर पसरलेले, बाजूला म्युऑन मोजणारी अजस्र यंत्रणा. तिथे प्लेट धुवायची नसते. आकडे थेट संगणकात. 1 डिसेंबर 2014 च्या वादळात म्युऑनांची संख्या किंचित घटली आणि त्या घटीवरून ढगात 130 कोटी व्होल्टचा विद्युतदाब असल्याचं गणित मांडलं गेलं. ढगाला हात न लावता. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे कमी दिसण्यातूनही दिसतं.”

हैदराबादच्या फुग्यांनीही एक वळण घेतलं. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने 2005 मध्ये तिथून गेलेल्या फुग्याने 20 ते 41 किलोमीटरवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली आणि त्यात जिवाणू निघाले. तीन जाती नव्या. एकीला फ्रेड हॉईलचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. ते पृथ्वीबाहेरून आले असं त्यातून सिद्ध झालं नाही. पण वरच्या पेटीतून भौतिकीच्या रेषा निघायच्या तिथून जीवशास्त्राची वसाहत निघाली, हे वडिलांना फार आवडलं असतं.

आणि प्लेटा पुरत्या संपल्या असंही नाही. जपानच्या नागोया विद्यापीठाच्या लोकांनी गिझाच्या मोठ्या पिरॅमिडात इमल्शनच्या फिल्मा ठेवल्या, दगडांतून आरपार आलेले म्युऑन टिपले आणि आतली कधी न कळलेली निदान तीस मीटर लांब पोकळी 2017 मध्ये जाहीर केली. त्या फिल्मा वाचल्या यंत्राने. मावशीच्या आख्ख्या नोकरीतलं क्षेत्रफळ ते यंत्र फार थोड्या वेळात संपवतं.

हत्तीरोगाला मात्र अजून घाई जमलेली नाही. त्याच्या जंताचं पिल्लू दिवसा फुफ्फुसांच्या बारीक वाहिन्यांत दडून बसतं आणि डास चावायच्या वेळी, रात्री, बाहेरच्या रक्तात येतं. 2019 च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची एकत्र मोहीम सुरू झाली, देशात अगदी सुरुवातीच्यांपैकी. पण मोहिमेआधी आजही रात्रीचं रक्त सर्वेक्षण होतं. साडेआठनंतर कर्मचारी पेटी घेऊन वस्तीत शिरतात, टीव्ही बंद करायला लावतात, बोट मागतात. वडिलांच्या वेळी लोक कुत्रं सोडत; आता म्हणतात, उद्या दुपारी या ना, दुपारी सगळे घरीच असतो.