घरगाडीचा गिअरबॉक्स

परवा शाळेतल्या एका सहकाऱ्याने मोबाईलवर फोटो दाखवले. त्याच्या पुण्यातल्या मेहुण्याने पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची एक बस विकत घ्यायचं ठरवलं आहे. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून तिची घरगाडी करायची आणि बायकामुलांसह फिरायचं. "सर, तुम्ही मिस्त्रींचे चिरंजीव. काय बघून घ्यावं ते सांगा." फोटोत सीटा होत्या, खिडक्या होत्या, पडद्याच्या कापडाचे नमुनेसुद्धा होते. मी विचारलं, "गिअरबॉक्सचं तेल काढून बघितलं का?" तो हसला. म्हणाला, "ते मिस्त्री बघेल की."

मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. गाड्या दुरुस्त करत नाही. पण त्या 'मिस्त्री बघेल'मध्ये माझी एक रात्र अडकलेली आहे, म्हणून हे लिहितोय.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा वर्तमानपत्रांत चाकांवरच्या घराचं बरंच कौतुक झालं. आम्हा जुन्नर-आंबेगावकरांना त्यात नवल नव्हतं. नारायणगाव हे तमाशाचं गाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. दसऱ्याला फड बाहेर पडतात, चैत्र-वैशाखाच्या जत्रा करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. एका मोठ्या फडात साठ-सत्तर माणसं सहज असतात. तंबू आणि जनरेटर ट्रकमध्ये, माणसं बसमध्ये. सात-आठ महिने ती बस हेच त्यांचं घर. टपावर वळकट्या, सीटखाली पत्र्याच्या ट्रंका, दांडीला बांधलेली झोळी आणि झोळीत लेकरू. एका जत्रेतून पहाटे निघायचं, दुपारी दुसऱ्या गावी उतरायचं, रात्री पुन्हा उभं राहायचं. बाळंतपणं, आजारपणं, रुसवेफुगवे, सगळं त्या चाकांवर.

आमच्या अब्बांचं गॅरेज मंचरला, पुणे-नाशिक रस्त्याला लागून होतं. इंजिनाचं काम ते घेत नसत. क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट आणि हौसिंग एवढंच. श्रावणात काही फडांच्या गाड्या आमच्या दारात लागायच्या. अब्बांनी जन्मात तमाशा पाहिला नाही. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी एकदा टोकलंही, की मिस्त्री, ही कमाई कुठून येते याचा विचार करा. अब्बा म्हणाले, "चच्चा, गाडी में बच्चे सोते. घाट में रुकी तो उनका क्या?" तो विषय पुन्हा निघाला नाही.

भाषेचा मास्तर म्हणून मला एका गोष्टीची गंमत वाटते. तमाशा, शाहीर, डफ हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. 'मिस्त्री' तर पोर्तुगीजांकडून आला. अब्बांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते 'बिस्मिल्लाह' म्हणून गाडीखाली शिरायचे आणि बाईंशी, म्हणजे फडाच्या मालकीणबाईंशी, चोख आंबेगावी मराठीत भांडायचे. भांडण नेहमी एकाच गोष्टीवरून व्हायचं. बाई म्हणायच्या, "गाडी चालतीया न्हवं? मग कशापायी उघडताय?"

अब्बांचं उत्तर ठरलेलं असे. गिअरबॉक्स अचानक जात नाही. आधी बोलतो. ऐकणारा पाहिजे.

तो काय बोलतो ते मी लहानपणी ऐकून ऐकून शिकलो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर पुढचं बेअरिंग संपत आलंय. चढावर गिअर आपोआप सुटतो, तर दात झिजलेत किंवा गिअर धरून ठेवणारी आतली स्प्रिंग मेली आहे. गिअर पडतानाच कुरकुर होते, तर गिअरबॉक्सला शिव्या देण्याआधी क्लच पूर्ण सुटतो का ते बघा. तेल गरम असताना काढायचं आणि दोन बोटांत चोळायचं. राखाडी चिखल लागला तर ती नेहमीची झीज. चकाकणारे कण लागले तर काळजी. बोटाला टोचेल असा तुकडा आला तर गाडी दारातून हलवायची नाही. पितळी चमक दिसली तर सिंक्रोच्या रिंगा खाल्ल्या जाताहेत. अगदी जुन्या गाड्यांत त्या रिंगा नसायच्याच. तिथे ड्रायव्हर प्रत्येक गिअरला दोनदा क्लच मारायचा, आणि त्याच्या पायावर गिअरबॉक्सचं आयुष्य ठरायचं.

गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक छोटी तोटी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतली गरम हवा तिथून बाहेर पडते. जत्रेच्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ तिच्यात बसली की हवा कोंडते आणि तेल सीलमधून वाट काढतं. लोक सील बदलत राहतात, ब्रीदर कुणी साफ करत नाही. तेल भरायचं ते 'नव्वद नंबर', गाडी सपाटीवर उभी करून, बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत. आणि खालच्या ड्रेन प्लगला तांब्याचा वॉशर दर वेळी नवा. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवा नसेल तर जुना लालबुंद तापवून मऊ करून घ्यायचा.

या सगळ्याची अब्बांकडे वही होती. उर्दूत, उजवीकडून डावीकडे रकाने आखलेली. तारीख, गाडी, काम, तेल, आणि शेवटचा रकाना, 'किसने किया'. तिथे कारागिराचं नाव. काम बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून.

१९९६ चा चैत्र. माझी बारावीची परीक्षा झाली होती. ऐन हंगामात बाईंची बस तेल बदलायला आली. अब्बा दुसऱ्या गाडीत गुंतले होते, म्हणून मला खाली पाठवलं. तेल काढलं, जुनाच वॉशर लावला, प्लग हाताने फिरवून बसवला. आता पान्याने आवळायचा, तेवढ्यात रस्त्याने माझ्या वर्गातली चार मुलं येताना दिसली. तमाशाच्या गाडीखाली, तेलाने माखलेला मी. वर खिडकीत बसलेल्या बायका माझी चेष्टा करत होत्या. मी दुसऱ्या बाजूने सरपटत बाहेर पडलो आणि गॅरेजच्या मागे जाऊन उभा राहिलो. मुलं गेली. परत येऊन मी वरून तेल भरलं. पान्याचं विसरलो.

बस आळेफाट्याहून नगरच्या दिशेला निघाली होती. वाटेत कुठेतरी प्लग गळून पडला. आणे घाटात गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत होऊन जाम झाला. अंधार पडलेला, बसमध्ये तीसेक माणसं, त्यांत दोन तान्ही लेकरं. कुणाला खरचटलंही नाही, ही अल्लाहची मेहरबानी. पण तंबूचा ट्रक पुढे गेला आणि माणसं मागे राहिली. त्या रात्री खेळ झाला नाही. गावाने सुपारीची उरलेली रक्कम दिली नाही. बाईंनी आधीच हंगामासाठी कर्ज काढलेलं होतं.

अब्बा रात्रीच पेटी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी परतले. बेअरिंगं, दोन गिअर, एक शाफ्ट, सगळं स्वतःच्या पैशाने घालून आले होते. मला एवढंच म्हणाले, "वॉशर पुराना था." त्या वर्षी बकरी ईदला आमच्या घरी कुर्बानी झाली नाही. मी पुढे कॉलेजला गेलो, बीएड केलं, नोकरीला लागलो. गाडीखाली पुन्हा गेलो नाही.

कोरोनात दोन हंगाम जत्रा बंद राहिल्या. चालून झिजण्यापेक्षा उभं राहून गिअरबॉक्स जास्त खराब होतो, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. तेलात बुडालेला भाग वाचतो, वरच्या भागावर दव धरून गंज चढतो. सील वाळून चिरतात. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. महिन्यातून एकदा इंजिन चालू करून, सगळे गिअर टाकून गाडी चार हात पुढेमागे केली तरी बरंचसं टळतं. पण ज्यांच्या चुलीचीच पंचाईत होती, त्यांनी डिझेल कुठून आणायचं?

२०२२ च्या मार्चमध्ये बाईंच्या मुलाचा फोन आला. पाडव्यापासून निर्बंध उठतील असं दिसतंय, अब्बा येतील का? गॅरेज केव्हाच बंद झालं होतं. अब्बा चौऱ्याहत्तरचे, हात थरथरतात. मी त्यांना स्कूटरवर घेऊन नारायणगावला गेलो. पेटी पायाशी, वही त्यांच्या खिशात. त्यांना वाकता येईना, म्हणून पंचवीस वर्षांनी गाडीखाली मी शिरलो. प्लग सैल केला तर आधी पाणी आलं, मग चहासारखं तेल. अब्बा स्टुलावर बसून सांगत होते, मी करत होतो. झाकण काढलं, वरचे गिअर घासले, डिझेलने धुतलं, एक बेअरिंग बदललं, सील बदलली. दोन रविवार गेले.

तेल भरण्याआधी अब्बा वहीत लिहायला लागले. हात हलत होता, म्हणून वही मी घेतली. सहज मागची पानं चाळली. १९९६ सापडलं. 'ड्रेन प्लग ढीला रह गया. मज़दूरी नहीं ली.' आणि 'किसने किया'चा रकाना रिकामा. आख्ख्या वहीत तेवढाच.

"आपको मालूम था?"

"पाना कील पे था. सूखा. तेल का हाथ लगाइच नै था उसको."

"मग बोलला का नाहीत?"

अब्बा बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बोलता तो तू फिर गॅरेज में नै आता, ऐसा लगा." थोड्या वेळाने स्वतःच हसले. "वैसे बी नै आया."

मी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मग बाईंकडे गेलो. त्या आता खाटेवरच असतात. त्यांनाही सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या रातीला लई थंडी व्हती, मास्तर." एवढंच. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत, आणि मी मागितलंही नाही. नंतर त्यांनी चहा मागवला.

अब्बांनी खिशातून नवा वॉशर काढून दिला. मी प्लग आवळला, पुन्हा एकदा आवळला. पाडव्याला बस बाहेर पडली. त्या रात्री, पहिल्या रोज्याच्या आधी, ड्रायव्हरचा फोन आला, "घाट चढलो, सर."

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी गावात असेल तेव्हा, मी जातो. वही मीच लिहितो. अब्बांचे रकाने उर्दूत आहेत तसेच ठेवलेत. समोरच्या पानावर तेच मराठीत लिहितो, कारण बसच्या ड्रायव्हरला उर्दू वाचता येत नाही आणि घाटात गाडी त्याच्याच हाती असते.

सहकाऱ्याच्या मेहुण्याला मी निरोप दिलाय. पडदे नंतर शिवा. आधी तेल काढा, बोटांत चोळून बघा, आणि ज्याने काम केलं त्याचं नाव लिहून ठेवा.