पर्यावरण घेऊन पुढं काय?

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, ‘आता पुढं काय?’ यंदा तो आमच्या घरी मुक्कामाला होता. लेकीनं सायन्स केलं, सीईटी दिली, फार्मसीला प्रवेश मिळेल इतके गुणही पडले. फीसाठी ठेव मोडायची ह्यांनी मनाची तयारी केली होती. आणि एका रात्री जेवताना ती म्हणाली, “आई, मला बी.एस्सी. करायचंय. मेजर पर्यावरणशास्त्र.”

हे भात कालवता कालवता थांबले. सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे झाडं लावायचं कॉलेज?” आणि मी? मी पटकन बोलून गेले, “कचरा मोजायला शिकवलं का तुला इतकं?”

ती काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली. तुम्हांला म्हणून सांगते, ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं.

टोचायला कारण होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मला रसायनशास्त्र फार आवडायचं. पण प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ व्हायची आणि गावाकडची शेवटची एसटी चुकायची. “मुलीच्या जातीला काय करायच्यात त्या बाटल्या?” असं म्हणून आईनं विषय मिटवला आणि मी आर्ट्‌सला गेले. आईवर माझा राग नाही, तिची काळजी खरीच होती. पण त्या रात्री माझ्या तोंडून तीच बोलली होती.

पडल्या पडल्या मला दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवला. आमच्या गल्लीत काविळीची साथ आली होती. धाकटाही आजारी पडला. तीन आठवडे त्याला फोडणीशिवाय वरण आणि मऊ भात. एके सकाळी पाणी तपासायला एक जण आले. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घेऊन त्यांनी ‘ओटी’ नावाच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे असं समजायचं. कोपऱ्यावरच्या नळाला पाणी पिवळं झालं, आमच्याकडं मात्र होतं तसंच राहिलं.

लेक म्हणाली, “काका, तिथं आहे, मग इथं का नाही?” त्यांनी समजावलं, की वाटेत घाण मिसळली तर ती मारण्यातच क्लोरीन संपून जातं. ग्राहकाच्या नळापर्यंत लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. पुढं त्या दोन नळांच्या मध्येच खणलं, तेव्हा गटाराशेजारी फुटलेला पाइप सापडला. मी घरात पातेल्यामागून पातेलं पाणी उकळत होते, आणि पोरगी विचारत होती, पाणी बिघडलं कुठं?

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, “बस इथं. मला नीट समजावून सांग.” दोघी अभ्यासक्रम घेऊन बसलो. तुमच्याही घरी हा विषय निघेल, म्हणून समजलं ते सांगते.

पहिली गोष्ट, सगळ्याच शाखांच्या मुलांना पर्यावरणाचा जो एक सक्तीचा पेपर असतो, तो हा विषय नव्हे. हा पुरता शास्त्राचा अभ्यास आहे. त्यात रसायन आहे, जीवशास्त्र आहे, माती-खडक आहेत, संख्याशास्त्र आहे आणि कायदासुद्धा. नदीचं पाणी बाटलीत भरून तीन दिवस २७ अंशांच्या उबेत ठेवतात आणि त्यातल्या जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजतात. जितका जास्त खाल्ला, तितकी पाण्यात घाण जास्त. इडलीचं पीठ उबेला ठेवून वाट बघणाऱ्या आपण, आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही!

दुसरी गोष्ट नोकरीची. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा. १९८४ मध्ये भोपाळला वायुगळती झाली आणि त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना आधी परिणामांचा अभ्यास करून मंजुरी घ्यावी लागते. हे नमुने घेणारं, तपासणारं, अहवाल लिहिणारं कुणीतरी लागतंच. कारखान्यांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत, तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. मात्र नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, आणि पुष्कळ चांगल्या जागांसाठी एम.एस्सी. मागतात. तेव्हा हिशेब पाच वर्षांचा धरायचा.

तिसरी गोष्ट कॉलेजची. पुण्यात फर्ग्युसनमध्ये या विषयाची पदवी आहे, विद्यापीठात पुढचं शिक्षणही आहे. पण कॉलेज कुठलंही असो, नाव बघून भुलू नका. आम्ही चार प्रश्न वहीत लिहून नेले होते. प्रयोगशाळा स्वतःची आहे का? मुली रोज हातानं प्रयोग करतात की नुसतं बघतात? बाहेर नमुने घ्यायला नेतात तेव्हा सोबत कोण असतं? मायनर म्हणून कोणते विषय घेता येतात? शिवाय नोकरीच्या दोन-तीन जाहिराती काढून त्यातली पात्रताही वाचली. त्यावरून एक ठरलं, मेजर पर्यावरणशास्त्र, पण मायनर रसायनशास्त्र. म्हणजे उद्या वाट बदलावीशी वाटली, तर हातात काहीतरी असेल. एवढी अट मी घातली आणि तिनं ती मानली.

ह्यांनी कागद-पेन्सिल घेतली. फार्मसीपेक्षा इथं फी बरीच कमी. “ठेव मोडायला नको, एम.एस्सी.ला होईल,” एवढंच म्हणाले. तो त्यांचा होकार.

माझं एक काम मात्र उरलं होतं. वसतिगृहाची बॅग भरताना मी तिला म्हटलं, “त्या रात्री कचऱ्याचं बोलले, ते चुकलंच माझं.” ती हसली. म्हणाली, “अगं आई, कचरासुद्धा मोजावा लागतोच की!”

मैत्रिणींनो, मुलीला ‘पुढं काय?’ जरूर विचारा. न विचारून कसं चालेल? पण विचारल्यावर तिचं उत्तर संपेपर्यंत ताटावर बसून राहा. मी उशिरा बसले, पण बसले.

परवा फोनवर सासूबाई नातीला सांगत होत्या, “सुट्टीला येशील तेव्हा ते औषधाचे थेंब घेऊन ये गं. आपल्या नळाचं पाणी पिवळं होतंय का बघू.”