घरामागे बांधलेली मोटार

मुलांनो, गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन फिरते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण घर पुढे आणि त्याच्या मागे बांधलेली मोटार, अशी वरात कधी पाहिली आहे का? चला तर, आज आपण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जाऊ. गावाचं नाव क्वार्टझसाइट. क्वार्टझ म्हणजे आपली गारगोटी. तेव्हा आपण याला खुशाल गारगोटीचं गाव म्हणू या!

चहूकडे वाळवंट, काटेरी झुडपं आणि दूरवर उघडेबोडके डोंगर. कायमची वस्ती जेमतेम अडीच हजार. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्याही वर जातो. पण हिवाळा आला, की गावाचं रूपच पालटतं. थंडीत आपल्या उजनी जलाशयावर रोहित पक्षी येतात ना, तसे इथे येतात आजी-आजोबा! उत्तरेकडच्या राज्यांतून आणि कॅनडातून, बर्फाला कंटाळलेले. लोक त्यांना कौतुकाने ‘हिमपक्षी’ म्हणतात. गावाशेजारी ला पोसा नावाची मोठी सरकारी मोकळी जमीन आहे. परवाना काढला, की 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल तिथे मुक्काम करता येतो.

हे लोक येतात ते मोटारहोममधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून. आत बिछाने, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं काही. मोठी मोटारहोम तर एसटीच्या बसएवढी लांब असते. पण एकदा मुक्काम ठोकला, छत्री लावली, खुर्च्या मांडल्या, की दुधाची पिशवी आणायला अख्खं घर कोण घेऊन जाणार? जवळचं मोठं गाव ब्लाइथ. तेही कोलोरॅडो नदीच्या पलीकडे, तीसेक किलोमीटरवर. औषध हवं असेल तर वाळवंटात मोटारीवाचून म्हाताऱ्या माणसांचे हाल. म्हणून येतानाच ती मागे बांधून आणायची. अशा ओढून आणलेल्या मोटारीला ते गमतीने ‘टोड’ म्हणतात. इंग्रजीत ‘ओढलेली’ आणि ‘बेडूक’ हे दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात, बरं का!

ओढण्याच्या रीती तीन. पहिली, चारही चाकं रस्त्यावर ठेवून दांड्याने जोडायची. दुसरी, पुढची दोन चाकं ‘डॉली’ नावाच्या बुटक्या दुचाकी गाड्यावर चढवायची. तिसरी, सबंध मोटारच ट्रेलरवर ठेवायची.

आता खरी मेख ऐका. लहान भावंडाची तीनचाकी सायकल घ्या, जिचे पायडल पुढच्या चाकालाच असतात. पुढचं चाक उचलून ती ओढा. पायडल गप्प! आता तिन्ही चाकं जमिनीवर ठेवून ओढा. कुणी पाय न लावताही पायडल गरागरा फिरतात. मोटारीचंही तसंच. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते, ती रस्त्यावर फिरली की आतली यंत्रंही फिरू लागतात.

पुष्कळ छोट्या मोटारींत ही ताकद पुढच्या चाकांना मिळते. ती चाकं डॉलीवर चढली, की काम झालं. पण जुनी ॲम्बॅसिडर, पद्मिनी किंवा आजची बोलेरो आठवा. इंजिन पुढे, पण ताकद मागच्या चाकांना. मध्ये पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा जातो. तो शाफ्ट. अशी मोटार डॉलीवर ठेवली, तर मागची चाकं रस्त्यावरच राहतात. ती शाफ्टला फिरवतात आणि शाफ्ट गिअरबॉक्सला.

आमच्या चौथीच्या वर्गात हे सांगत होते, तर एकीने लगेच विचारलं, “बाई, न्यूट्रलला टाकायची ना मग!” प्रश्न शंभर नंबरी! पण न्यूट्रलमध्ये फक्त इंजिनाशी नातं तुटतं, चाकांशी नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. तेलावाचून भाग तासन्‌तास फिरत राहतात, तापतात आणि शेवटी निकामी होतात. आणि पुढे स्टिअरिंग धरून बसलेल्या आजोबांना त्याचा पत्ताही नसतो! मुक्कामाला पोचल्यावर मोटार सुरू करावी, तर ती जागची हलत नाही.

“मग उलटी चढवली तर?” दुसऱ्याने विचारलं. तसं केलं, तर स्टिअरिंगची चाकं मागे रस्त्यावर येतात. ती वळली, की मोटार डावी-उजवीकडे झोके खाऊ लागते आणि मागून येणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. म्हणून बहुतेक डॉली बनवणारे याला मनाई करतात.

मग उपाय? निघण्यापूर्वी शाफ्ट सोडवून ठेवायचा, किंवा चारही चाकं ट्रेलरवर घ्यायची. काही मोटारी चारही चाकांवर ओढता येतात, पण कोणत्या आणि कशा, ते मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. शेजारी काय करतो ते पाहून चालत नाही! शिवाय सुरक्षेच्या साखळ्या, मागचे दिवे आणि ब्रेक तपासायचे ते वेगळंच.

या गावात ओझ्याची आणखी एक आठवण आहे. 1856 साली अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट आणवले. त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. (मुंबईच्या हाजी अलीचा इथे संबंध नाही हं!) अमेरिकन लोकांनी त्याच्या नावाचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. 1902 साली तो इथेच वारला. त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे आणि माथ्यावर धातूचा उंट.

उंटवाल्याला उंटाचा पाय दुखतोय हे चालीवरून कळत असे. मागे बांधलेली मोटार मात्र काहीच सांगत नाही. तिची काळजी निघण्याआधीच घ्यावी लागते. आता असं करा, उभ्या असलेल्या ट्रकच्या पोटाखाली जरा लांबूनच, वाकून पाहा. तो लांब दांडा दिसतो का? दिसला, तर घरातल्या मोठ्यांना विचारा, “आपल्या मोटारीची किंवा रिक्षाची ताकद कोणत्या चाकांना मिळते?” बघा, किती जणांना सांगता येतं ते!