कोंडाण्याची वाट आणि पिकअपचे पाटे

कर्जत स्टेशनवर उतरून कोंडिवड्याच्या रस्त्याला लागले की उल्हास नदी सोबतीला येते. समोर राजमाची, आणि त्याच्या पायथ्याशी झाडीत दडलेली कोंडाण्याची लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील. लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावे पुष्कळ सापडतात. इथे मात्र चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर घडवणाऱ्याचेच नाव ब्राह्मी लिपीत आहे. कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केले.

आमच्या विहारातील कुटुंबे वैशाख पौर्णिमेनंतरच्या रविवारी इथे येतात. माणसे लोकलने, पुढे रिक्षाने आणि मग पायी. सामान मात्र पिकअपमधून. तांदूळ, डाळ, भांडी, सतरंज्या आणि दोनशे लिटरचे पाण्याचे दोन ड्रम. लेणी संरक्षित असल्याने चूल खाली गावातच लावतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाणी काढायला सोपे जावे म्हणून दोन्ही ड्रम हौद्याच्या अगदी शेवटी, फाळक्याला टेकवून ठेवले. ही सूचना माझीच. चार मुले हट्टाने पोत्यांवर बसली, त्यांनाही मीच हो म्हटले. माल वाहणाऱ्या गाडीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही, हे ठाऊक असूनही. एका चढाच्या वळणावर ड्रायव्हरने स्टेअरिंग फिरवले, पण गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन चराला लागली. एका मुलीच्या हनुवटीला तीन टाके पडले. तिच्या आईसमोर उभे राहताना मला शब्द सुचला नाही.

पुढच्या वर्षी गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, मागे दोन पाटे वाढवा, गाडी बसणार नाही." ऐकायला बरोबर वाटते. पण पाटे वाढवले तरी एक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात. कंपनीने ठरवलेले वजन त्यामुळे एक किलोनेही वाढत नाही. शिवाय कडक पाट्यांची रिकामी गाडी खड्ड्यात उसळते, आणि पावसात मागचे चाक रस्ता सोडते.

खरी उकल झाली ती फोनवर. आमच्या एका शेजाऱ्यांचा मुलगा कॅनडात असतो. तिकडे हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ हटवायला पिकअपच्या पुढे लोखंडी पाते बसवतात, त्याला बर्फाचा नांगर म्हणतात. (हे ऐकून आमच्या आजी म्हणाल्या, "बर्फात पेरतात तरी काय?") तो म्हणाला, "काका, आमचं उलटं असतं. पातं पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं, म्हणून नाक खाली बसतं आणि मागची चाकं हलकी होतात. लोक पुढची स्प्रिंग मजबूत करतात, पण मागे वाळूची पोती ठेवल्याशिवाय भागत नाही."

मी बी. कॉम. माणूस, जमाखर्च मांडून पाहिला. समजा तीनशे किलोचे पाते पुढच्या एक्सलच्या एक मीटर पुढे आहे आणि दोन एक्सलमध्ये साडेतीन मीटर अंतर आहे. तर मागच्या चाकांवरचे सुमारे ८६ किलो उचलले जातात आणि पुढच्यांवर ३८६ येतात. आता आमचे ड्रम घ्या. पाणीच चारशे किलो, मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे, आणि दोन एक्सलमधले अंतर अडीच मीटर धरू. पुढच्या चाकांवरचे १६० किलो गायब! ज्या चाकांनी गाडी वळवायची तीच हलकी. दोन पाटे जास्त असते तर मागची बाजू कमी दबली असती एवढेच. ते १६० किलो पुढे आले नसते.

तेव्हापासून ड्रम केबिनला टेकवून ठेवतो, दोराने घट्ट बांधून. भरलेली गाडी आधी वजनकाट्यावर नेतो. घरून निघण्यापूर्वी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे, चाक आणि मडगार्ड यांच्यातले अंतर चारही बाजूंना पट्टीने मोजतो. असे मोजतानाच एका बाजूचा दुसरा पाटा तुटलेला सापडला. बुश झिजलेले, एक शॉकअप तेल गाळत होता. गॅरेजवाल्याला म्हटले, वाढवू नका, जे आहे ते नीट करा. तुटलेला पाटा बदलल्यावर यू बोल्ट थोडी गाडी चालवून पुन्हा आवळायचे असतात, हे मात्र त्यानेच शिकवले. मागची बाजू बसली की हेडलाइट वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. अंधारात परतताना तेही पाहावे लागते.

यंदा त्याच आजी हौद्यात बसायला निघाल्या. मी नाही म्हटले. "तुझ्या बापाला मी कडेवर घेतलंय," असे सुनावून त्या रिक्षात बसल्या. वर चैत्यगृहात काही खांबांचा खालचा भाग गेलेला आहे, वरचा तसाच छताला लटकतो. आजी तिथेच थांबल्या.

"खालून खांब गेले, मग वजन कोण पेलतंय रे?"

"डोंगरच, आजी. खांब आणून लावलेले नाहीत, कोरून काढलेत."

"मग बरं आहे त्याचं."

संध्याकाळी ड्रम निम्मे उरले होते. निम्मा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, वळणावर पाणी एका बाजूला धावते. म्हणून ते रिकामे करूनच निघतो. हनुवटीवर टाक्यांची खूण असलेली ती मुलगी आता नववीत आहे. तिने बादलीने सगळे पाणी काढले आणि गावातल्या आंब्याच्या बुंध्याला नेऊन ओतले.